पार्किन्सन्स आणि लस: कंप वाढला तर?

मंडळी, "लस घेतली आणि बाबांचा कंप वाढला, आता पुन्हा नको," असं बरेच जण म्हणतात. कंप वाढू शकतो, खरंय. पण तो बहुधा तापामुळे. पार्किन्सन्समध्ये कुठल्याही तापाने कंप, ताठरपणा तात्पुरता वाढतो. ताप उतरला की कमी होतो. पॅरासिटामॉल चालतं. लेव्होडोपाची गोळी मात्र चुकवायची नाही, वेळही नाही. मळमळ झाली तर मेटोक्लोप्रमाइड नको, ते मेंदूतल्या डोपामाइनचं काम अडवतं. (हे डॉक्टरांना आपणच आठवण करून द्यायचं.)

मग लस घ्यायचीच कशाला? या आजारात गिळणं आणि खोकणं दोन्ही मंदावतं, छातीत कफ साचतो. न्यूमोनिया हे इथे मृत्यूचं एक मोठं कारण. घास श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया लस थांबवत नाही. फ्लू आणि न्यूमोकोकसचा धोका मात्र कमी करते. फ्लूची दरवर्षी, न्यूमोकोकसची डॉक्टर सांगतील तशी. आणि टोचायला कमी थरथरणारा हात पुढे करा.