केळीचे सोपट आणि घुमणारी खोली

आगगाडीच्या आवाजाची तक्रार भुसावळकराने करावी तरी कोणाकडे? गावच मुळी रुळांच्या आधाराने वाढलेले! परंतु गाडी निघून गेल्यावरही खोली घुमत राहते, त्याचा दोष इंजिनाकडे नाही. तो गुळगुळीत गिलाव्याचा, फरशीचा आणि सिमेंटच्या स्लॅबचा आहे. अशा वर्गात शिक्षकाचे एक वाक्य दुसऱ्यात मिसळते आणि मागल्या बाकावरचा मुलगा ऐकण्याचा नादच सोडून देतो.

या दुखण्याची शास्त्रशुद्ध नाडीपरीक्षा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 1895 साली सुरू झाली. तेथील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे! वॉलेस सेबाइन हे तरुण अध्यापक रात्री विद्यापीठाच्या नाट्यगृहातील गाद्या तेथे आणवीत, ऑर्गनची नळी वाजवून नाद किती वेळात विरतो ते मोजीत आणि सकाळच्या आत गाद्या परत पोचत्या करीत. त्या गाद्यांत भरले होते काय? वनस्पतींचे तंतू!

यात जादू नाही. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती तंतूंच्या जाळीत शिरली की घासत घासत थकते आणि तिची किंचित उष्णता होते. कापूस, काथ्या, ताग, सारे हेच काम करतात.

आता आमच्या रावेर-यावलकडे पाहा. केळीच्या खांबाला घड एकदाच येतो. तो उतरला की खांब तोडायचा आणि बांधावर टाकायचा. त्याच सोपटातला गर यंत्राने खरवडला, धुऊन वाळवला, की चिवट, चमकदार धागा हाती येतो. त्याचे दोर वळतात, कागदही होतो. मग त्याच्या जाड गाद्या का होऊ नयेत?

मात्र एक गल्लत टाळावी. तंतू खोलीतले घुमणे शोषतात. बाहेरची गाडी अडवणे हे वजनदार भिंतीचे आणि घट्ट बसणाऱ्या दारा-खिडक्यांचे काम. खानदेशातील जुने धाब्याचे घर जाड मातीच्या भिंतींनी आणि छपरावरच्या मातीच्या थराने ते काम मुकाट्याने करीत असे.

करून पाहायचे असेल, तर लाकडी चौकटीत दोन इंच जाडीचा थर बसवून वर विरळ कापड ताणावे. मागे थोडी पोकळी ठेवल्यास जाड, खालच्या पट्टीतला आवाजही अधिक शोषला जातो. कापडावर ऑइलपेंट मुळीच फासू नये. छिद्रे बुजली की सारे श्रम वाया! ओल आणि आग हे तंतूंचे दोन वैरी. म्हणून थर कोरडा ठेवावा, आणि टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया जाणकाराकडून करून घ्यावी.

बांधावर कुजणारे सोपट शेतकऱ्याला चार पैसे देईल आणि मागल्या बाकाला शिक्षकाचे शब्द. शाळेला याहून स्वस्त देणगी कोणती?