आजोबांच्या घड्याळातले सोने

आमच्या परिचयातील एका शिक्षिकेकडे त्यांच्या आजोबांचे मनगटी घड्याळ होते. १९५० च्या सुमारास घेतलेले, स्विस बनावटीचे, रोज चावी द्यावी लागणारे. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ते विकावे, असे घरात ठरले. एका सराफाने ते तळहातावर तोलून मोडीचा एक आकडा सांगितला. दुसऱ्याने ‘नुसता मुलामा आहे’ म्हणून परत केले. खरे कोणाचे मानायचे? त्या घड्याळ घेऊन आमच्याकडे आल्या.

आम्ही प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली. येथे प्रश्न एक नसून दोन आहेत. सोने खरे आहे का, हा पहिला. आणि घड्याळ खरे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

सुरुवात झाकणापासून केली. घड्याळजींनी मागचे झाकण उघडले. आतल्या बाजूस ‘०.७५०’ हा आकडा आणि स्त्रीच्या डोक्याची अगदी बारीक मुद्रा होती. स्वित्झर्लंडने १८८० मध्ये सोन्या-चांदीच्या वस्तूंच्या तपासणीचा कायदा केला. त्यानुसार १८ कॅरटच्या केसवर हेल्वेशिया या राष्ट्रदेवतेचे डोके, तर १४ कॅरटच्या केसवर खार उमटवली जाई. १९९५ पासून त्याऐवजी सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याची मुद्रा आली. भारतात जून २०२१ मध्ये दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा सोन्याची घड्याळे त्यातून वगळली गेली. त्यामुळे जुन्या घड्याळावर आपल्याकडचा हॉलमार्क शोधण्यात अर्थ नाही. पण मुद्रा खोटीही मारता येते. म्हणून मोजमाप हवे.

घड्याळजींनी मशीन, काच, चावी आणि पट्ट्याच्या पिना काढून रिकामी केस आमच्या हाती दिली. तिचे वजन १२.४ ग्रॅम भरले. आता आर्किमिडीजचे तत्त्व. वजनकाट्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवून काटा शून्यावर आणला. केस बारीक दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवली. तळाला किंवा कडेला टेकू दिली नाही. काट्यावर जितके ग्रॅम वाढतात तितके पाणी केसने बाजूला सारलेले असते. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर, म्हणून तेच केसचे आकारमान. काटा ०.८ वर थांबला. १२.४ भागिले ०.८, म्हणजे घनता १५.५.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, पितळेची साधारण ८.५. १४ कॅरटची सुमारे १३, २२ कॅरटची सुमारे १७.७. १८ कॅरटची १५.२ ते १५.९ च्या दरम्यान असते. सोन्यात मिसळलेल्या चांदी-तांब्याच्या प्रमाणानुसार ती बदलते. उत्तर जुळले, असे म्हणून आम्ही थांबणार होतो. पण शाळेचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजतो. खरे आकारमान ०.७ असेल तर घनता १७.७ येते, ०.९ असेल तर १३.८. म्हणजे १४ पासून २२ कॅरटपर्यंत काहीही! एवढे मात्र नक्की की ते पितळ नव्हते. तेवढ्याच वजनाच्या पितळी केसने जवळजवळ दीड ग्रॅम पाणी सारले असते.

मग एका महाविद्यालयातील ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर प्रयोग पुन्हा केला. पाण्यात साबणाचा थेंब टाकला, कारण केसच्या कानाकोपऱ्यांत हवेचा बुडबुडा अडकला तर आकारमान वाढते आणि चांगले सोनेही हलके ठरते. या वेळी वाचन ०.८० आले. एका शतांशाची चूक धरली तरी घनता १५.३ ते १५.७. मुद्रा खरे सांगत होती.

मग दुसरा सराफ का चुकला? त्याने घड्याळ नुसते पाहिले होते. मुळात पृष्ठभागाने काय सांगावे याला मर्यादा आहे. कसोटीच्या दगडावर उमटतो तो वरचाच थर. क्ष-किरणांच्या आधुनिक यंत्रालाही सोन्याच्या वरच्या काही मायक्रॉनचीच माहिती मिळते. पितळेवर २० मायक्रॉनचा जाड मुलामा असेल, तर या दोन्ही पद्धती फसू शकतात. त्या मुलाम्यात सोने असते तरी किती? केसचा पृष्ठभाग १० चौरस सेंटिमीटर धरला, तर जेमतेम ०.४ ग्रॅम. आमच्या केसमध्ये मात्र १२.४ चे पाऊण, म्हणजे ९.३ ग्रॅम शुद्ध सोने होते. पहिल्या सराफाचा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी सोन्याचा होता.

आता दुसरा प्रश्न. घड्याळजींनी भिंगातून पाहिले. मशीनवर आणि तबकडीवर एकाच कंपनीचे नाव होते. काट्यांवर अंधारात चमकणारा लेप होता. दिवा घालवल्यावर तो मुळीच चमकला नाही. ही चांगली खूण! त्या काळच्या लेपात रेडियम आणि झिंक सल्फाइड असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, म्हणून सत्तर वर्षांनंतरही त्यातले ९७ टक्के शिल्लक राहते. पण त्याच्या माऱ्याने झिंक सल्फाइड निकामी होते. असा जुना लेप आज लख्ख चमकत असेल, तर तो नंतर लावलेला असण्याची शक्यता मोठी. (रेडियम अजून किरणोत्सारी असल्याने असे घड्याळ मुलांना उघडू देऊ नये, लेप खरवडू तर मुळीच नये.) तबकडीवरील अक्षरे मात्र जाड आणि किंचित वाकडी होती. ती केव्हातरी पुन्हा रंगवलेली होती, आणि त्याने संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते.

लॉन्जिन, पाटेक फिलिप यांसारख्या काही कंपन्या जुन्या नोंदवह्यांवरून क्रमांकाचा तपास करून देतात. हे सारे घड्याळ अखंड आहे तोवरच शक्य असते. केस वितळली की ९.३ ग्रॅम सोने उरते. क्रमांक, मुद्रा आणि मशीनशी असलेले नाते संपते. म्हणून सोन्याची किंमत ही घड्याळाची कमाल नव्हे, किमान किंमत समजावी. शिक्षिकाबाईंनी मोडीचा विचार सोडला. फीची मुदत महिनाभर दूर होती. तेवढ्यात कंपनीला पत्र पाठवायचे त्यांनी ठरवले.

वर्गात हा प्रयोग सोन्याशिवायही करता येतो. पितळेची चावी, लोखंडी नट, अॅल्युमिनियमची पट्टी आणा. मुलांना घनता काढू द्या. आणि उत्तर आले की एक प्रश्न अवश्य विचारा: काटा एक घर चुकला असता, तर आपले उत्तर बदलले असते का?