अड्ड्यावरून ओट्यापर्यंत: मांगामधील विनोदी याकुझा

याकुझा म्हणजे जपानमधील संघटित टोळ्यांचे गुंड. 1960च्या दशकातील जपानी चित्रपटांनी त्यांना शब्दाला जागणारे वीर म्हणून रंगवले. 1973मध्ये किंजी फुकासाकू यांच्या ‘जिंगी नाकी ताताकाई’ने त्या इमानाचा बुरखा फाडला. अंगभर गोंदण, तुटकी करंगळी, म्होरक्यापुढे झुकलेली मान असा साचा मांगाकारांना, म्हणजे जपानी चित्रकथाकारांना, आयताच मिळाला. तो भलत्याच ठिकाणी नेऊन बसवायचा, हे या विनोदाचे मुख्य तंत्र.

एत्सुमी हारुकी यांच्या ‘जारिंको चिए’मध्ये (1978–97) ओसाकाच्या गरीब वस्तीत एक शाळकरी मुलगी खाण्याचे दुकान चालवते आणि तिचा उनाड बाप याकुझांनाच बदडून पैसे उकळतो. जुगाराच्या अड्ड्याचा मालक तर पुढे धंदा सोडून ओकोनोमियाकी ही जपानी धिरडी भाजू लागतो. 1980च्या दशकाअखेरीस आलेल्या तात्सुओ निट्टा यांच्या ‘शिझुकानारु डॉन’चा नायक दिवसा स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या कंपनीत साधा नोकरदार, तर रात्री टोळीप्रमुख. ही मालिका 108 खंडांपर्यंत गेली.

2000मध्ये कोझुएको मोरिमोतो यांच्या ‘गोकुसेन’ने टोळीच्या वारसदार नातीला वांड पोरांच्या वर्गावर गणिताची शिक्षिका केले. मासाओ ओताके यांच्या ‘हिनामात्सुरी’त (2010–20) महागड्या फुलदाण्या जमवणाऱ्या गुंडाच्या घरात अतींद्रिय शक्तीची मुलगी अचानक येऊन टपकते. तिच्या शक्तीने फुलदाण्या फुटू नयेत म्हणून तो तिचे हट्ट पुरवतो आणि बघता बघता पालक होऊन बसतो.

याच काळात खऱ्या टोळ्यांना उतरती कळा लागली होती. पोलिसांच्या नोंदीनुसार 1963मध्ये सुमारे 1 लाख 84 हजार असलेले त्यांचे मनुष्यबळ 2023पर्यंत जेमतेम 20 हजारांवर आले. 1992मध्ये टोळीविरोधी कायदा अमलात आला. 2011पर्यंत सर्व प्रांतांनी टोळ्यांशी व्यवहार करण्यास मज्जाव करणारे नियम केले. याकुझाला बँकेत खाते उघडणेही दुरापास्त झाले. मोडकळीला आलेल्या धंद्यातला माणूस हसण्याजोगा वाटू लागला, तो या पार्श्वभूमीवर.

2018मध्ये सुरू झालेल्या कोसुके ओनो यांच्या ‘गोकुशुफुदो’चा नायक तात्सू टोळी सोडून घर सांभाळतो. काळा चष्मा, गडद सूट आणि त्यावर कुत्र्याचे चित्र असलेला एप्रन, अशा थाटात तो बायकोचा डबा भरतो आणि बाजारातल्या सवलतीवर झडप घालतो. चेहरा मात्र खुनाला निघाल्यासारखा. या मालिकेला 2020मध्ये विनोदी प्रकाशनाचा आयझनर हा चित्रकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. यामा वायामा यांच्या ‘काराओके इको!’मध्ये गुंड शाळकरी गायकाकडे गाण्याची शिकवणी मागतो, कारण टोळीच्या स्पर्धेत हरणाऱ्याच्या अंगावर म्होरक्या स्वतःच्या अकुशल हाताने गोंदणार असतो. 2024मध्ये त्यावर चित्रपटही आला.

या गोड रूपाची किंमतही आहे. खंडणी, सावकारी, अमली पदार्थ यांनी पोळलेली माणसे या कथांत क्वचितच दिसतात. तात्सूचे गुन्हे कथा सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेले असतात, म्हणूनच वाचकाला त्याच्यावर निर्धास्तपणे हसता येते.