अमेरिकेतली यादवी आणि गंज पेठ

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ साली छापलं गेलं. विषय इथला, वाचणारे इथले, आणि अर्पणपत्रिका मात्र अमेरिकेतल्या लोकांना! कृष्णवर्णीय गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या त्या लोकांबद्दलचा आदर जोतीरावांनी पुण्याच्या गंज पेठेत राहून छापील पानावर नोंदवला. ते पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, मोठ्या मनाच्या माणसाचं हे औदार्य. ते तर आहेच. पण अमेरिकेतलं ते युद्ध पुण्यात फक्त या पानावरून आलेलं नाही. त्याच काळात ते दुसऱ्याही एका वाटेनं येत होतं, आणि ती वाट कापसाची होती.

१२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. आठवड्याभरात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस याच बंदरांतून यायचा. तो अडकला, गिरण्या बंद पडू लागल्या आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना मुंबई आठवली. मग मुंबईत जे झालं त्याच्या कथा सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, दलाल प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर शेअरचे भाव चढले-उतरले. नेमक्या याच काळात, १८६३ मध्ये, बोरघाटातली रेल्वेची चढण पुरी झाली. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ पासून धावत होतीच, पण मधला घाट पालखीतून नाही तर पायी उतरावा लागे. आता मुंबई आणि पुणे एका रुळावर आले. युद्धाला येण्यासाठी रस्ता तयार झाला, असंच म्हणा ना.

इथे एक खोच आहे. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट सरळ रेषेत येते: कापसाचा भाव चढला, शेतकऱ्यानं कर्ज काढलं, भाव पडला, शेतकरी बुडाला. पण पुणे जिल्ह्यातले भीमथडी, इंदापूर, शिरूर हे तालुके म्हणजे काही कापसाचा मुलूख नव्हे. इथे बाजरी आणि ज्वारी. मग युद्ध इथवर पोचलं कसं? आडवळणानं. कापसाच्या मुलखात पैसा खेळू लागला, तसे धान्याचे भावही चढले. रेल्वेच्या कामांवर हजारो मजूर लागले, मजुरी वाढली. कुणब्याच्या हाती चार पैसे आले आणि सावकाराचा हातही सैल सुटला, कारण चढत्या भावाच्या दिवसांत जमीन हे झकास तारण असतं. पुणे जिल्ह्यात कापूस आला नाही, आली ती उधारी.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली. १ जुलैला मुंबईत मुदतीचे सौदे पुरे करायचे होते, त्या दिवशी बाजार बसला. मोठमोठ्या पेढ्या आडव्या झाल्या. खेड्यात मात्र असं एका दिवसात काही होत नाही. तिथे धान्याचे भाव उतरायला आणखी काही वर्षं गेली. आणि त्या मधल्या वर्षांत दोन घड्याळं चालू होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करतात ती ही दोन घड्याळं.

पहिलं सरकारचं. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी करून सारा ठरवला, तोही ३० वर्षांसाठी. त्या वेळी कुणाला अमेरिकेतलं युद्ध स्वप्नातही दिसलं नसेल. पण १८३६ मध्ये ३० मिळवले की येतं १८६६! भाव शिगेला पोचलेले, दाराशी रेल्वे आलेली, आणि नेमकी त्याच वेळी साऱ्याची फेरआकारणी सुरू. अधिकाऱ्यांना जिकडेतिकडे भरभराट दिसली. सारा कुठे दीडपट झाला, कुठे त्याहूनही वर गेला. भाव उतरले, सारा पुढच्या ३० वर्षांसाठी कागदावर बसला.

दुसरं घड्याळ तीन वर्षांचं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखतावर दावा करायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू हा की सावकारानं व्याज वर्षानुवर्षं साचू देऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळायचा. पुन्हा तीन वर्षांनी तेच. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. दिवाणी कोर्टापुढे खत आलं की कोर्ट खत बघे, त्यामागची हकिगत नाही.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्यानं हजामत करायची नाही, पाणक्यानं पाणी भरायचं नाही. पाहता पाहता लोण पसरलं. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजार भरला आणि जमावानं गुजर सावकारांची दुकानं घेरली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतली आणखी गावं पेटली. जमावाला हव्या होत्या वह्या आणि खतं. मिळाली ती जाळली, आणि बहुतेक ठिकाणी कागद हाती आले की लोक माघारी फिरले. ज्याला अक्षर येत नाही त्यानं आपला शत्रू कागदातच ओळखावा, यात अडाणीपणा कुठे आहे? पुण्याहून लष्कर धावलं, ९५१ जणांना धरलं, ५०१ जणांना शिक्षा झाली.

आता शहराकडे येऊ. पुण्याचं राजकारण ‘केसरी’पासून सुरू झालं असं आपण उगीचच धरून चालतो. सार्वजनिक सभा १८७० ची. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि १८७१ मध्ये न्यायखात्यात नेमणुकीवर पुण्याला आलेले न्यायमूर्ती रानडे यांनी खेड्यांतल्या सारावाढीची चौकशी सुप्याच्या आधीच आरंभली होती. पेठांत राहणारी ही मंडळी कुणब्याच्या साऱ्याचे हिशोब मांडत बसली, आणि रानड्यांचं अर्थशास्त्र त्या हिशोबांतूनच वाढलं. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनंही आयोग नेमला. १८७६ ते ७८ दुष्काळ पडला. त्या होरपळीत सरकारविरुद्ध उठले ते वासुदेव बळवंत फडके, पुण्यातल्या लष्करी हिशोब खात्यातले कारकून. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर दरोडा घातला. मे महिन्यात पुण्यातला बुधवार वाडा जळाला. संशयाच्या त्या हवेत रानड्यांची बदली धुळ्याला झाली. आणि वर्ष सरता सरता पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं, हे विचारण्याचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला.

फोर्ट सम्टरच्या तोफेमुळेच हे सारं घडलं, असं मी म्हणणार नाही. इतिहासकारांत त्यावर आजही वाद आहे. माझं मत विचाराल तर तोफेपेक्षा त्या दोन घड्याळांचा दोष मोठा.

फडके पकडले गेले तेव्हा त्यांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी फडके एडनच्या तुरुंगात वारले. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला.