तीन वर्तुळं, तीन मुलं

गटाला एकच कोडं दिलं की बहुतेक वेळा एक चुणचुणीत मूल ते सोडवतं आणि बाकीची बघत बसतात. ‘तुटकी वर्तुळं’ हा खेळ ही अडचण मुळातूनच सोडवतो. अॅलेक्स बावेलास यांच्या चौरसांच्या कोड्यातून तो निघाला. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांच्या १९८६च्या ‘डिझायनिंग ग्रुपवर्क’मधून तो शिक्षकांना परिचित झाला.

पहिली-दुसरीसाठी तो घरीही करता येतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची सारख्या मापाची तीन वर्तुळं कापा. दोन वर्तुळांचे पाऊण आणि पाव असे तुकडे करा, तिसऱ्याचे दोन अर्धे. दोन मुलांना प्रत्येकी एक पाऊण व एक अर्धा द्या, तिसऱ्याला दोन्ही पाव. प्रत्येकापुढे पूर्ण वर्तुळ झालं की खेळ संपला. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दुसऱ्याचा तुकडा उचलायचा नाही, आपला मात्र देता येतो.

खरी गंमत पुढेच आहे. दोघांनी अर्धे दिले की तिसरा एक अर्धा आणि दोन पाव जोडून खुशाल वर्तुळ पुरं करतो. पण मग इतर दोघांची पाऊण वर्तुळं अडून राहतात. त्याला आपलं जुळलेलं वर्तुळ मोडून पाव वाटावे लागतात. सहा वर्षांच्या मुलासाठी हे फार अवघड असतं, म्हणून शिक्षकांनी इथे घाई करू नये आणि सुचवू तर मुळीच नये. खेळ झाल्यावर मात्र विचारावं: कुणाच्या लक्षात आधी आलं, आणि कशावरून?