ऊर्जेची साठवण : धरणापासून बॅटरीपर्यंत

पावसाळ्यात पूर्णेला आलेले पाणी सिद्धेश्वर धरणात साठते आणि गरजेच्या वेळी कालव्यांनी शेतापर्यंत पोहोचते. वरच्या अंगाला येलदरी येथे याच नदीच्या साठवलेल्या पाण्यावर २२.५ मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र उभे आहे. विपुलतेच्या काळी साठवावे आणि टंचाईच्या काळी वापरावे, हे तत्त्व आपल्या परिसरातील मुलांना नवे नाही.

सौरऊर्जेचा प्रश्नही हाच आहे. सूर्य दिवसा तळपतो. अभ्यासाला दिवा मात्र रात्री लागतो. पाणी भिंतीने अडविता येते, वीज तशी अडविता येत नाही. बॅटरीत तिला रासायनिक ऊर्जेचे रूप द्यावे लागते. म्हणून ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे विषय केवळ पाठांतराचे नव्हेत, असे आम्ही मानतो.

प्रारंभ लिंबापासून करावा. लिंबात जस्ताची व तांब्याची पट्टी खोचली की व्होल्टमापीवर सुमारे एक व्होल्ट दिसतो. ही वीज लिंबाची, असे मुलांना वाटते. वस्तुतः जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन सोडून रसात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तेथे आम्लातील हायड्रोजन आयन त्यांचा स्वीकार करतात. सोडणे म्हणजे ऑक्सिडीकरण, स्वीकारणे म्हणजे क्षपण. मात्र झिजलेले जस्त येथे सहजी परत मिळत नाही.

ही अडचण १८५९ साली फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे यांनी शिशाच्या बॅटरीने दूर केली. इन्व्हर्टरमध्ये आजही बहुधा तीच असते. वीज देताना तिच्या शिशाच्या व लेड डायऑक्साइडच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि सल्फ्युरिक आम्ल पातळ होत जाते. बाहेरून वीज दिली की ही अभिक्रिया उलट फिरते. एका घटातून सुमारे २ व्होल्ट मिळतात. म्हणून बारा व्होल्टसाठी सहा घट जोडावे लागतात.

या ज्ञानाला सामाजिक बाजूही आहे. जुन्या बॅटऱ्या भंगारात फोडण्याचे काम बहुधा गरिबांच्याच वाट्याला येते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते. आम्लाने कातडी भाजते. बॅटरीच्या आत काय आहे हे जाणणारी मुलगी घरच्यांना ती फोडू देणार नाही, अंगणात आम्ल ओतू देणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. स्वस्त व मुबलक वीज, तिच्या आधारे उद्योग आणि उद्योगातून दारिद्र्यमुक्ती, अशी त्यांची मांडणी होती.

आज गावोगावी छपरांवर आणि शेतांत सौरपट्ट्या बसत आहेत. त्या पुसण्याचे काम आपल्या मुलांना मिळेलच. त्या घडविण्याचे, तपासण्याचे आणि सुधारण्याचे कामही त्यांना मिळावे. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेकडे या दृष्टीने पाहावे, ही आमची अपेक्षा आहे.