माइसनच्या चिनी मातीच्या बाहुल्या

पाहुणे आले की आपण कपाटातले चिनी मातीचे कप जपून बाहेर काढतो. युरोपात एके काळी या मातीचा शौक राजांना वेड लावणारा होता. जर्मनीतील सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० सैनिक देऊन बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली!

सोने बनवून देतो म्हणणाऱ्या ब्योटगर या तरुण किमयागाराला याच राजाने कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाच्या साथीने १७०८ च्या सुमारास पांढऱ्या मातीचे गुपित हाती लागले आणि १७१० मध्ये माइसनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला.

संग्राहकांचा जीव अडकतो तो मात्र केंडलरच्या बाहुल्यांत. तो १७३१ मध्ये तिथे आला. शाही मेजवानीत मिठाईच्या वेळी दस्तरखानावर साखरेच्या मूर्ती मांडत. त्यांची जागा त्याच्या विदूषकांनी, फेरीवाल्यांनी, पक्ष्यांनी घेतली. डोके, हात, टोपी वेगवेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीने जोडत. म्हणून एकाच साच्यातल्या दोन बाहुल्यांच्या मानेचा कल थोडा वेगळा दिसतो.

तळाशी निळ्या तलवारींची फुली ही माइसनची खूण. केवळ तिच्यावर भरवसा ठेवणारा हमखास फसतो, कारण पुढच्या शतकात पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने अशा पुष्कळ नकला केल्या. जाणकार खूण शेवटी पाहतो. आधी बोटे आणि टोपीची कड तपासतो. डागडुजी तिथेच दडलेली असते. अतिनील दिव्याखाली नंतर लावलेला रंग वेगळा दिसतो.

ड्रेस्डेनच्या क्लेम्पेरर या ज्यू खानदानाचा असाच मोठा संग्रह होता. १९३८ मध्ये नाझी राजवटीने तो जप्त केला आणि घरच्यांना देश सोडावा लागला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो संग्रह ट्रकवर लादून ड्रेस्डेनच्या राजवाड्याच्या अंगणात उभा असताना शहरावर बाँबवर्षाव झाला. ढिगाऱ्यातून जे निघाले ते १९९१ मध्ये वारसांना परत मिळाले. त्यांनी त्यातले बरेचसे ड्रेस्डेनच्या संग्रहालयालाच देऊन टाकले.

उरलेल्यांचा २०१० मध्ये लंडनला लिलाव झाला. त्यात फुटके तुकडेही मांडले होते. त्यांनाही घेणारे मिळाले.